पाटाच्या कडेकडेने

शनी अमावस्येला राहुरीहून सोनईकडे सायकलवर निघणे म्हणजे जीव मुठीत धरणे. शिर्डीचे दर्शन आटोपून शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्या याच रस्त्याने उंबरे, ब्राह्मणी मागे टाकत सोनईच्या पेठेत शिरतात आणि तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या शिंगणापूरकडे वळतात. एरवीही या डांबरीला उसंत नसते. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, की उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या, टायरगाड्या आणि ट्रक यांची ये-जा रात्रंदिवस चालते. साइडपट्टीवर उसाची टिपरी सांडलेली असतात आणि सायकलवाल्याला नेमके तिथूनच जायचे असते.

आता एवढेच करायचे, की एखाद्या मोरीपाशी डांबरी सोडून चारीच्या कडेने आत वळायचे. दोन-तीनशे मीटरवर हॉर्न ऐकू येईनासे होतात. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला घासाचे वाफे, मधे ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून घट्ट झालेली मुरमाची वाट. टिटवी अंगावर येऊन ओरडते, कारण या वाटेवर तिला माणसांची सवय कमी आहे. नेवासा तालुक्याच्या या भागात अशा वाटांचे अक्षरशः जाळे आहे. त्यावर सायकलमार्गाचा फलक नाही, रंगवलेली पट्टी नाही. पण जगभरचे सायकलस्वार हल्ली ज्यासाठी विमानाने सायकली नेतात, ते इथे शिवारात पसरलेले आहे.

त्या प्रकाराला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपल्या बोलीत मुरूम-खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, सांगाडा जरा लांबट आणि बसण्याची ठेवण निवांत, अशी ही सायकल असते. डांबरीवर ती बऱ्यापैकी पळते आणि कच्च्या रस्त्यावर अडत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली ३४ जणांनी दोनशे मैलांची एक शर्यत सुरू केली. शेतांमधल्या आणि कुरणांमधल्या कच्च्या रस्त्यांवरची. तीच आज ‘अनबाउंड’ या नावाने ग्रॅव्हलची सर्वांत प्रसिद्ध शर्यत झाली आहे. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. म्हणजे नाव नवे, खेळ नवा, बाजार नवा.

सायकल मात्र तितकी नवी नाही. आजोबांच्या पडवीत टेकवलेली काळी सायकल आठवावी. दुधाच्या किटल्या, पेंडीचे पोते, मागे बसलेली आजी आणि पुढच्या नळीवर नातू, एवढे सगळे घेऊन ती कच्च्या रस्त्याने तालुक्याला जाऊन येई. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड असे छापलेले असते. मोजमापाच्या आजच्या पद्धतीत त्याची रुंदी ४० मिलिमीटर भरते. आणि दुकानात आज ग्रॅव्हल सायकलला सर्रास मिळणारे टायर? तेही ४० मिलिमीटरचेच. चाकाच्या रिंगचा व्यास थोडा वेगळा, रुंदी तीच. हा निव्वळ योगायोग नव्हे. काळ्या सायकलीचा मूळ इंग्रजी नमुना डांबर सर्वत्र पोचण्याआधीच्या रस्त्यांसाठी घडला होता आणि आपल्याकडे त्या रस्त्यांनी तिची साथ पुढे कित्येक दशके सोडली नाही. सोनिपतच्या अ‍ॅटलासने १९५१ पासून आणि लुधियानाच्या हिरोने १९५६ पासून तोच नमुना गावोगाव पोचवला.

रुंद टायरचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन धरले, तर एका चाकावर ढोबळ मानाने ४० किलो भार येतो. टायरमधला दाब १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो असेल, तर टायर जमिनीला जेमतेम सहा चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब ४० वर आणला की तोच ठसा चौदा चौरस सेंटिमीटरचा होतो. पण खरी गंमत खड्यावर कळते. कडक फुगवलेला टायर प्रत्येक खड्यावर चढतो आणि उतरतो, सोबत सायकल आणि माणूसही वर उचलला जातो. पायांनी लावलेली शक्ती त्या उचलण्यात वाया जाते आणि मनगटे भरून येतात ते वेगळेच. मऊ टायर खडा आपल्या पोटात घेतो आणि पुढे सरकतो. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी ठेवणारा म्हणूनच पुढे निघतो. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्यांना हे हातानेच कळलेले होते. टायर अंगठ्याने दाबून बघायची त्यांची सवय याच हिशेबातली.

सोनईच्या वाटा अशा सपाट आणि निवांत का आहेत, याचे उत्तर पाण्यात आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरपाशी मुळा नदीवर धरण आहे. त्याची साठवण क्षमता २६ टीएमसी आणि जलाशयाचे नाव ज्ञानेश्वरसागर. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी राहुरीतून नेवासा, शेवगाव, पाथर्डीच्या बाजूला येते आणि सोनईचे शिवार त्याच लाभक्षेत्रात आहे. नदीच्या वाहण्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले की जो हात ज्या काठाकडे येतो, त्यावरून उजवा आणि डावा ठरतो. लोकांच्या तोंडी मात्र कालवा कोणी म्हणत नाही. तो पाट. पाटातून फुटते ती चारी, चारीतून पोटचारी आणि तिथून शेताच्या सरीपर्यंत पाणी जाते. पाणी सोडले की ‘आवर्तन सुटले’. चारीच्या शेवटच्या टोकाला ‘टेल’ म्हणतात आणि टेलच्या शेतकऱ्याची पाणी पोचत नसल्याची तक्रार दरसाल असते.

पाट खणताना अभियंत्यांचा नियम एकच, की पाण्याने पळू नये आणि थांबूही नये. त्यामुळे पाटाच्या तळाला उतार देतात तो फार थोडा, काही हजार मीटरला एखादा मीटर. तेवढा उतार साधायचा तर पाट सरळ रेषेत जाऊ शकत नाही. जमिनीची समान उंची धरून, माळाच्या अंगाला अंग लावून, तो वळसे घेत जातो. चाऱ्यांचे नेमके उलटे. पाणी दोन्ही हातांना उतरावे म्हणून त्या शक्यतो जमिनीच्या कण्यावरून नेतात. आता पाटाच्या एका काठाने देखभालीसाठी केलेला रस्ता असतो, त्याला हे सगळे आयते मिळते. चढ नाही, उतार नाही, वळणे हळुवार आणि चारीच्या वाटेवरून दोन्ही बाजूंचे शिवार नजरेच्या टप्प्यात. सायकलमार्ग आखणाऱ्या तज्ज्ञाला पैसे देऊन हेच आखून घ्यावे लागले असते.

हा रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, हे मात्र विसरता येत नाही. आवर्तनाच्या काळात पाटकऱ्याची ये-जा असते, दारे उघडायची-बंद करायची असतात, कुठे गाळ काढणारे यंत्र उभे असते. ओढा आडवा आला की पाट जलसेतूवरून किंवा सायफनमधून पलीकडे जातो आणि रस्त्याची काठाकाठाची वाट तुटू शकते. तिथे उतरून, सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. पाटाला अस्तर असेल तर तीरे गुळगुळीत असतात. एकदा घसरलेल्या माणसाला वाहत्या पाण्यातून वर चढणे फार अवघड. म्हणून पाण्याकडची बाजू सोडून चालवावे, मुलांना पुढे पाठवू नये आणि कालव्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

पाटाच्या वाटा साठ-सत्तर वर्षांच्या आतल्या. गावाच्या वाटा त्याहून कितीतरी जुन्या. भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो. तो नीट उलगडून पाहणे हा एक आनंद आहे. त्यात तुटक दुहेरी रेषा दिसते ती गाडीवाट, तुटक एकेरी रेषा ती पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ फूट. हे आकडे असे विचित्र अपूर्णांकात का? कारण जमीन मोजली ती ३३ फुटी शंकू साखळीने. साखळीचे भाग सोळा, त्यांना म्हणायचे आणे. साखळी गुणिले साखळी, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. गाडीवाटेचे साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी, पायवाटेचे सव्वाआठ म्हणजे पाव साखळी. बैलगाडी अर्ध्या साखळीत जाते, माणूस पाव साखळीत. इंग्रजी अमलातल्या मोजणीदाराने शिवारात उभे राहून लावलेला हा हिशेब आजही महसुलाच्या बोलण्यात जिवंत आहे.

नकाशात आहेत तेवढ्या वाटा जमिनीवर उरलेल्या नाहीत. दरवर्षी नांगर एक तास पलीकडे जातो, बांध कोरला जातो आणि वीस वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट होते. सोनई काय किंवा आणखी कुठले गाव काय, तहसील कचेरीत रस्त्याच्या अर्जांची चळत असतेच. कायदा जुना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता मोकळा करून देता येतो आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळते. याच जिल्ह्यात पारनेरच्या बाजूने शिवपाणंद रस्ते खुले करण्यासाठी शेतकऱ्यांची चळवळ उभी राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. मे २०२५ मध्ये शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात व्हावी, असे ठरले.

हे सगळे सायकलसाठी झालेले नाही, हे उघड आहे. ऊस, कांदा, दूध बाहेर काढायला पावसाळ्यातही टिकणारी वाट हवी, यासाठी झाले. पण शेतकऱ्याला हवी असलेली वाट आणि सायकलवाल्याला हवी असलेली वाट यांची कृती एकच निघते, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. खाली दगड, वर खडी, त्यावर मुरूम, पाणी मारून दाबलेला, मधोमध किंचित फुगीर आणि दोन्ही बाजूंना चर. एवढे नीट केले तर ट्रॅक्टर रुतत नाही आणि सायकलही नाही.

मुरूम हा इथल्या काळ्या पाषाणाचाच अवतार. दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट हजारो वर्षे ऊन-पाण्यात कुजत गेला, की त्याचा भुसभुशीत, तांबूस-करडा मुरूम होतो. त्यात खडेही असतात आणि त्यांना धरून ठेवणारी मातीही. म्हणून तो दाबला की बसतो. तोच पाषाण आणखी कुजला की काळी कसदार माती होते आणि तिची तऱ्हा अगदी वेगळी. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात काळ्या रानातल्या वाटेवर सायकल घालणाऱ्याचे काय होते, ते एकदा पाहावे. दहा-बारा फेऱ्यांत चाकावर चिखलाचा थर चढतो, पुढच्या चिमट्यात आणि ब्रेकमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचेच थांबते. काटकीने चिखल काढायचा, चार पावले जायचे, पुन्हा तेच. जून ते सप्टेंबर काळ्या रानाच्या वाटा टाळाव्यात आणि मुरमाड माळाच्या धराव्यात. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख असल्याने उघडीप भरपूर मिळते आणि मुरूम एका दिवसाच्या उन्हात वाळतो. दिवाळी ते शिवरात्र हा खरा हंगाम. पहाटे गारठा, गहू-हरभऱ्यावर दव, कांद्याच्या वाफ्यांत बायकांची लगबग आणि आवर्तन सुटलेले असले तर पाट भरून वाहत असतो.

आता काट्यांविषयी. विलायती ग्रॅव्हल सायकल इथे आली की तिची पहिली गाठ पडते सराट्याशी. सराटा जमिनीसरसा पसरतो, त्याला गोजिरी पिवळी फुले येतात आणि फळ वाळले की त्याचे तुकडे होतात. तो तुकडा बोटांत धरून पाहावा. काट्यांची मांडणी अशी, की कसाही पडला तरी एक टोक वर राहतेच. जोडीला बाभळीचे बोटभर लांब पांढरे काटे आणि पाटाच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ. साधी ट्यूब घालून पाच किलोमीटर गेले तरी दोन पंक्चर ठरलेली. ग्रॅव्हलवाल्यांनी यावर काढलेला तोडगा चांगला आहे. ट्यूबच काढून टाकायची आणि टायरमध्ये पातळ लॅटेक्सचा द्रव ओतायचा. काटा घुसला की हवेच्या जोराने द्रव भोकात येतो आणि तिथेच साकळतो, जखमेवर रक्त साकळावे तसा. काटा दिसला तरी उपटायचा नाही, घरी जाईपर्यंत तोच बूच. ज्याच्याकडे ट्यूबच आहे त्याने जादा ट्यूब, पंप आणि सोल्यूशन घेऊन निघावे. पाटाच्या वाटेवर पंक्चरचे दुकान नसते.

उसाचा मुलूख म्हटला की बिबट्याही आलाच. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, याच जिल्ह्याच्या अकोले परिसरातल्या शेतीच्या पट्ट्यात, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले. जंगलात नव्हे, माणसांच्या भर वस्तीत. दिवसा तो माणसाला टाळतो आणि उसात दडून राहतो. म्हणून सूर्य वर आल्यावर निघावे, दिवेलागणीआधी परतावे, दोघे-तिघे असावे आणि उसाच्या दाट फडांमधल्या वाटेवर बोलत-हसत, घंटी वाजवत जावे. गावातली माणसेही पहाटे असेच जातात.

कच्चा रस्ता जपण्याजोगा असतो, हा विचार इतरांनाही एका रात्रीत सुचला नाही. इटलीत सिएना शहराभोवतीच्या द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. एकेक करून त्यांवर डांबर पडू लागले. तेव्हा १९९७ मध्ये गायोले या छोट्या गावातून ९२ सायकलस्वार जुन्या पोलादी सायकली घेऊन त्या रस्त्यांवर निघाले. त्या फेरीचे नाव ‘लेरोइका’. हे रस्ते असेच राहू द्या, एवढेच सांगायचे होते. आज हजारो लोक त्यासाठी तिथे येतात आणि पांढऱ्या रस्त्यांवरच खाणावळी चालतात, घरे भाड्याने जातात. अमेरिकेतले उदाहरण तर पाटाशीच नाते सांगणारे आहे. वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैलांचा चेसापीक-ओहायो कालवा १९२४ मध्ये बंद पडला. त्याच्या काठी खेचरांनी नावा ओढण्यासाठी केलेली वाट होती. तिथे मोटाररस्ता करावा, अशी योजना आली आणि १९५४ मध्ये एका मोठ्या दैनिकाने तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिले, माझ्यासोबत ती वाट चालून पाहा. मार्चमध्ये ५८ जण निघाले, शेवटपर्यंत चालले नऊ, त्यांत स्वतः डग्लस. मोटाररस्ता झाला नाही. १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला आणि खेचरांच्या वाटेवरून आज सायकली जातात.

सोनईकडे अशी एखादी फेरी आखायची, तर तिला मुक्कामाची ठिकाणे शोधावी लागणार नाहीत. पंचवीस-तीस किलोमीटरवर नेवासा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरचे भाष्य सांगितले, तो पैसाचा खांब तिथे आजही उभा आहे. त्याच गावाच्या पांढरीत १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. प्रवरा पुढे टोक्याला गोदावरीला मिळते, तिथे सिद्धेश्वराचे कोरीव मंदिर आहे. सोनईतून निघायचे, चारीने चारीने आणि शिवरस्त्यांनी शक्य तितके जायचे, डांबरी फक्त ओलांडण्यापुरती घ्यायची. एवढे ठरवले, तर नकाशा हातात घेऊन एखाद्या शाळेतल्या मुलांनाही हा मार्ग शोधता येईल. कुठे वाट मोडली आहे, कुठे ओढ्यावर फरशी आहे, कुठल्या वस्तीवर पाणी मिळेल, कुठले कुत्रे अंगावर येते, ही माहिती गावातच आहे. ती एका कागदावर आली की मार्ग तयार झाला.

टेलच्या पोटचारीवर हिवाळ्यातल्या सकाळी एक माणूस हमखास भेटतो. आवर्तन सुटलेले असते, रात्री केव्हातरी त्याची पाळी लागलेली असते आणि तो दारे धरून परत निघालेला असतो. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायांवर वाळत आलेला चिखल, काळ्या सायकलच्या कॅरिअरला आडवे बांधलेले खोरे. वाट अरुंद असते, म्हणून समोरून येणारा सायकलस्वार पाय टेकवून त्याला जागा देतो. ‘कुठलं गाव?’ तो न थांबता विचारतो आणि उत्तर ऐकत पुढे जातो. चारी फुटून जिथे मुरूम ओला झालेला असतो, तिथे दोन्ही सायकलींचे ठसे शेजारी शेजारी उमटलेले असतात, चाळीस-चाळीस मिलिमीटरचे.